तिसऱ्या रविवारच्या आधी

“डॉक्टर, माझं लग्न झालं तर माझ्या पोरांनाही हे होणार का?”

टॅनियाने एका दमात विचारून टाकलं. काल डबा खाताना समिधाने तिला डिवचलं होतं, “वर्गात तोंड रेडिओसारखं चालतं तुझं. आईबापासमोर डॉक्टरला हे विचारून दाखव, मग मानते.” आता मम्मीने मांडीवरची फाईल घट्ट धरली आणि पप्पा खिडकीबाहेर बघू लागले.

डॉ. गिरिजा हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर रेघांच्या दोन जोड्या काढल्या.

“तुझा ताप जंतूंचा नाही. जंतू नसतानाच शरीर लढायला उठतं, कारण एका जीनच्या दोन्ही प्रतींत चूक आहे. एक मम्मीकडून आली, एक पप्पांकडून. त्यांची दुसरी प्रत चांगली आहे, म्हणून त्यांना कधी काही झालं नाही.”

“म्हणजे दोघांकडून?”

हा ताप कुणाच्या घराण्यातून आला, यावरून अकरा वर्षं घरात धुसफुस चालली होती. गावाला मात्र दर खेपेस टायफॉइडच सांगितला जाई.

“दोघांकडून, आणि दोष कुणाचाच नाही. तुझ्या नवऱ्याच्या जीनमध्ये ही चूक नसेल, तर मुलांना आजार होणार नाही. एका प्रतीत असेल, तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मम्मीच्या माहेरचं आणि पप्पांच्या घरचं कुणी आपसांत लग्न करत असेल, तर आधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या.”

टॅनियाचा मघापासून हलणारा गुडघा थांबला. ॲशली, पप्पांच्या भावाची मुलगी. कॉलिन, लिनेट मावशीचा मुलगा. दोघं भेटली तीही टॅनियाच्याच चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या जेवणात. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार घोषणा करतात; त्यांची दोन रविवार झाली होती, तिसरी परवा होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मम्मीने तिचं मनगट दाबलं.

घरी, उत्तनला जाणाऱ्या बसच्या स्टॉपवर टॅनिया एका जागी उभी राहीना. तीन महिन्यांत, नवीन इंजेक्शन सुरू झाल्यापासून, एकदाही ताप आला नव्हता. अंगात नुसती भिंगरी होती.

“ॲशलीला कोण सांगणार?”

“गप उभी रा गो,” मम्मी म्हणाली. “परवाची घोषणा होऊ दे. लगीन होऊ दे. मग बघू.”

“मग पोर झाल्यावर बघू, असंच ना?”

पप्पांनी आवाज खाली आणला. “त्या दोघांचं एकमेकांशी काय नातं हाय? काय पन न्हाय.”

“मग तुमचं दोघांचं होतं?”

दोन बस आल्या, दोन्ही दुसरीकडच्या.

“एरिक, सांग तिला,” मम्मी पुटपुटली. “लिनेटला कळला तर ती मना उंबऱ्यात उभी करनार न्हाय. लगीन मोडला तर कोनाच्या नावानं बोटं मोडतील? आपल्याच ना?”

“मोडायला कोण सांगतंय, मम्मी? फक्त रक्त द्यायचं.”

“तुला सोपा वाटते.” मम्मीने फाईल छातीशी घेतली. “माझ्या आईची दोन पोरं तापानं गेली. माझ्या लगनाच्या वेळी मी बोलले न्हाय. बोलले असते तर याच्या घरच्यांनी मना सून केली असती का?”

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. सोळा वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

टॅनियाने मनात आकडेमोड केली. मम्मी बोलली असती, तर आज या स्टॉपवर कुणीच उभं नसतं. तिने पायाने एक खडा गटारात ढकलला. मग मम्मीच्या हातातली फाईल हळूच सोडवून घेतली.

“बस आली की मी काकांच्या घराजवळ उतरणार,” ती म्हणाली. “ॲशलीला आणि कॉलिनला आजच सांगणार. तुम्ही यायचं तर या. न्हायतर घरी जा. आजार माझा हाय, मी सांगीन.”