सलाम अब्बूची जागा

दुकानातला कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर सगळ्यात आधी इंग्रजी अक्षरांत दोन शब्द उमटायचे: सलाम अब्बू. अब्बू हातातला फडका थांबवून "वालेकुम सलाम" म्हणायचे. मग दुकानात लोबान फिरवायचे आणि मगच गिऱ्हाइकाकडे बघायचे.

अब्बू म्हणजे बाबूभाई पत्रिकावाले. चंद्रपुरात आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. घरात ते उर्दू बोलत, पण दुकानाची पायरी चढले की झाडीपट्टीची मराठी, म्हणून तिथे मीही तशीच बोलायचे. पडद्यावरचे शब्द माझ्या भावाचे, नबीलचे. एटापल्लीला कॉम्प्युटर बसवायला गेला, तिथून हिवताप घेऊन आला आणि वाचला नाही. आता सांगते ती गोष्ट २००३ सालची. तोवर त्याच्या कबरीवर गवत चांगलंच माजलं होतं.

यंत्र जागं होतं ती वेळ मला फार आवडते. नबीलनेच ती बघायला शिकवलं. झोपेतून उठलेल्या मुलासारखं त्याला तेव्हा काहीच ठाऊक नसतं. आधी फ्लॉपीवरचा एक चिमुकला प्रोग्राम उठतो. तो मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतो आणि तिच्या हातात जणू चिठ्ठी ठेवतो: मेमरी एवढी, पडदा असा, डिस्क इथे. कुठल्या ओळीत काय लिहायचं ते ठरलेलं असतं. शेवटची ओळ पुढे कधीतरी लागेल म्हणून कोरी सोडायची, असा नियम होता.

आता पत्रिकावाल्याच्या पोराला कोरी जागा कशी बघवणार? आमच्याकडे कोपरा रिकामा राहिला की तिथे वेल नाहीतर मोर बसतोच. नबीलने आपल्या फ्लॉपीतल्या त्या कोऱ्या ओळीत सलाम लिहून टाकला, आणि यंत्र उठताना तो पडद्यावरही उमटेल असं केलं. वर ती फ्लॉपी मागेल त्याला वाटली. अहेरीचा फोटो स्टुडिओ, सिरोंचाचा टायपिंग क्लास, सगळीकडे यंत्र उठलं की आमच्या अब्बूंना सलाम! सिरोंचाचे मास्तर तर ते कंपनीचंच नाव समजायचे. काही बिघडलं की फोन करून विचारायचे, "सलाम अब्बू कंपनी आहे का?"

ती सिस्टिम देशोदेशीची हौशी माणसं मिळून फुकट बनवायची. नबीलनंतर त्या मंडळात मी होते. त्या उन्हाळ्यात दुकानातल्या कॉम्प्युटरची डिस्क बिघडली. बाजारात मिळाली ती मोठी, आणि जुन्या सिस्टिमला ती दिसेचना. मोठ्या डिस्कांसाठी नवी आवृत्ती बनतच होती, आणि चिठ्ठीत डिस्कचं माप लिहायची सोय करणं माझ्याकडे होतं. नियमाप्रमाणे मी ती कोरी ओळ घेतली आणि आधी आमच्याच दुकानात करून बघितलं. पडदा म्हणाला, सलाम अब्बू. मग नुसता अंधार. सिस्टिमने सलामची अक्षरं आकडे म्हणून वाचली होती. तिला डिस्क समुद्राएवढी वाटली असणार. बुडाली बिचारी.

फ्लॉपीतून सलाम पुसला की काम झालं, इतकं सोपं. मी अब्बूंना तसं सांगितलं.

"पुसून टाक न मंग," ते म्हणाले. "लग्नसराई तोंडावर आहे. काम अडून राह्यलं."

"तुमाले चालन, अब्बू?"

"काऊन नाई चालन? पोरगं काई त्या फ्लॉपीत बसून आहे का?"

असं म्हणून ते फडक्याने पडदा पुसू लागले. आणि त्या काळ्या पडद्यालाच हळूच म्हणाले, "वालेकुम सलाम." मला रडू फुटलं. रडू आलं की मला भयंकर राग येतो.

त्या रागातच मी मंडळाच्या मुखियाला लिहिलं की ती ओळ घ्यायची नाही, नवी ओळ तिच्याखाली जोडायची. माणूस भला, पण नियमाचा पक्का. त्याने विचारलं, कोरी सोडायची ओळ एका पोराने खरडली, म्हणून साऱ्या जगाने ती कायमची सोडून द्यायची?

मी लिहिलं, चूक आमच्याच पोराची. पण त्याच्या फ्लॉप्या जंगलभर पसरल्यात. त्या कोण गोळा करणार? त्या माणसांची यंत्रं कशापायी बंद पडावीत? आमच्या धंद्यात पत्रिका जुळवून झाली की नेमका एखादा काका रुसतो, त्याचं नाव राहिलेलं असतं. त्याला आम्ही सगळ्यांच्या खाली बसवतो. त्याच्यापायी वरचं नाव काढत नाही, मग ते वारलेल्याचं का असेना. हिंदूंच्या पत्रिकेत त्याच्या आधी 'कै.' लागतं, आमच्यात 'मरहूम'. आणि जुन्या फ्लॉपीने खालच्या नव्या ओळीत काहीच लिहिलं नसेल, तर सिस्टिमने रुसू नये. सरळ डिस्कलाच तिचं माप विचारावं.

उत्तर येईना. दुपारी दुकानात ओल्या वाळ्याच्या वासात माझा डोळा लागायचा आणि अर्धवट झोपेत ती सगळी यंत्रं दिसायची. सागाच्या रानात, मोहाखाली, पार सूरजागडच्या डोंगरापर्यंत ती एकेक करून जागी व्हायची, आणि जागी होता होता पुटपुटायची. सगळ्यांचा आवाज नबीलचा. मला तिथून परत यावंसं वाटायचं नाही.

मग एक दिवस मुखियाचं उत्तर आलं: जोडा खाली.

नवी आवृत्ती घातली आणि नबीलची जुनीच फ्लॉपी सरकवली. अब्बू पाठ करून कागद मोजत बसले होते. डिस्क घुमू लागली तसे ते वळले. पडद्यावर सलाम होता, आणि त्याच्याखाली सिस्टिमच्या ओळी एकामागून एक सरकत होत्या.

"तू पुसलं नाई?"

"नाई पुसलं. नवीन ओळ खाली जोडली."

"अन् त्याची जागा?"

"नियमात लिवून टाकली. आता साऱ्या दुनियेतले लोक ती ओळ सोडून देतीन."

अब्बू हातातले कागद ठेवून पडद्याजवळ आले. मग घाबरल्यासारखे म्हणाले, "मरहूम तं नाई लिवलं न?"

"नाई, अब्बू. जागा भरलेली आहे, एवढंच लिवलं."