विरजणातली पाठराखीण

मी पाठराखीण बोलतेय. लग्नात नवरीसोबत जाते ती नव्हे; दह्यातल्या एका जिवाणूच्या पोटात राहणारी. मी प्रथिन आहे, आणि बाकीच्या प्रथिनांना सावरायचं हा माझा जन्माचा उद्योग. दमले बाई!

प्रथिन म्हणजे लांब साखळी. नीट घडी बसली तरच कामाची. तिचे तेलकट भाग घडीच्या आत लपलेले असतात. उष्णतेनं घडी सुटली की ते उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि सगळ्यांचा गोळा होतो. मी कोणाचं नावगाव विचारत नाही. उघडा तेलकट तुकडा दिसला की ओळखते, धरते, वरून झाकण लावते. माझी एक सोबतीण असल्यांना हेरून माझ्यापर्यंत आणते. मग जिवाणूच्या शिदोरीतली थोडी शक्ती खर्चून मी झाकण उघडते, सोडते. घडी ज्याची त्यानंच घालायची. नाही जमली तर पुन्हा माझ्याच गळ्यात!

आमचं विरजण नलूच्या आईचं, तुमसरचं. आई या उन्हाळ्याआधीच वारली. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, सेक्टर दोनमधल्या क्वार्टरात, तिच्या विरजणाची तेवढी एक वाटी उरली होती.

नलूचे हात कणकेत होते. दूध निवलं का, ते तिनं नवऱ्याला बघायला सांगितलं. तेजराम ब्लास्ट फर्नेसवरचा माणूस. बोट बुडवून म्हणाला, "कोमटच आहे वं." आणि ओतलं सगळं विरजण! थोडं मागे ठेवायचं असतं, हे त्याला काय ठाऊक?

अरे देवा, चटकाच बसला! चोहीकडे घड्या सुटल्या. कोणाला धरू नि कोणाला सोडू? शेजारचे कितीतरी जिवाणू जागीच गेले.

नलूनं हात धुऊन भांड्याला लावला नि ओरडली, "अवो, हे तं पोळून राहिलं! भट्टीपाशी तुमचे हात दगड झाले, तुमाले काय समजते? माह्या आईचं विरजण मारलं तुमी!"

"मले खरंच कोमट लागलं," तेजराम पुटपुटला. त्याचा चेहरा पडला. त्यानंच माठातलं पाणी परातीत ओतून भांडं आत ठेवलं.

दूध निवत गेलं तशी मी धरत राहिले, सोडत राहिले. सकाळी दही लागलं, पातळसर. नलूनं चाखलं नि रडायलाच लागली. "आईचंच आहे," म्हणाली. मठ्ठा घुसळण्याआधी तिनं विरजणापुरतं वाटीत काढून ठेवलं.

मी त्या वाटीत नाही. मी तेजरामच्या ग्लासात आहे. माझीच घडी आता सैल होतेय, आणि मला धरायला जवळ कोणी नाही. वाईट वाटून घेऊ नका. वाटीत माझ्यासारख्या नव्या घडताहेत, त्यांना जरा निवांत राहू द्या. मला मात्र सोडा आता. पी रे बाबा तेजराम, ड्यूटीची वेळ झाली.