चार माणसं जळाली

जूनमधल्या एका दुपारी, तीनच्या सुमाराला, सीमेजवळच्या वाळवंटातल्या आदिवासी वस्तीतून अल्विना एनोसने पोलिसांना फोन केला. "माझी चार माणसं जळताहेत," एवढं म्हणून तिने टेकडीची खूण सांगितली.

दोन रुग्णवाहिका धावल्या, मागोमाग एक पोलीस. तोवर आग उतार चढून खडकांशी थांबली होती. अल्विनाचा धाकटा भाऊ वेंडेल राखेत पडला होता. गळपट्टीचं हाड मोडलेलं, कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलेलं. फळं पाडायच्या लांब काठीचे दोन तुकडे अल्विनाच्या पायांशी होते.

"माणसं कुठंयत, आजी?" पोलीस नवा होता, उत्तरेकडच्या नवाहो जमातीचा.

तिने ओठ पुढे काढून वर दाखवलं. चार साग्वारो, झाडाएवढे उंच, माणसासारखे हात फुटलेले, कमरेपर्यंत काळे, सालीतून पाणी उकळत होतं.

"हे निवडुंग आहेत."

"तुमच्यात असतील. आमच्यात माणसं."

"आणि याला कुणी मारलं?"

"मी. पण काठीच मोडली."

दुष्काळात गाई जगवायला वेंडेलने सीमेपलीकडून बफेल गवताचं बी आणून उतारावर फेकलं होतं. बाकी सगळं वाळून मेलं. गवत वाळलं ते वरवर. मुळं खोल जीव धरून राहिली. जुना पेंढा जाळला की कोवळी पात फुटते, हे पलीकडच्या गुराख्यांनी त्याला सांगितलं होतं. त्याने काडी ओढली. या टेकडीवर आग पसरत नाही, हे तर घरात सगळेच लहानपणापासून ऐकत आलेले. पूर्वी ते खरंही होतं. झुडपाझुडपांत उघडी माती असायची. ती जागा आता गवताने भरली होती.

"ताई, गाई मरत होत्या गं," वेंडेल स्ट्रेचरवरून म्हणाला.

"मरू द्यायच्या. त्या उंच्याला आई मामा म्हणायची. मामाला जाळलंस तू. आता पाऊस बोलवायच्या दारूला यांच्या फळांचा, आपल्या घरचा पाक कुठून देऊ? रिकाम्या हातानं बोलावू पावसाला?"

वेंडेलने पुढे तक्रार केली नाही.

बोटभर माती भिजवणारी एक सर जुलैत येऊन गेली. तेवढ्यावर राखेतून बफेल गवत हिरवंगार उठलं. वेंडेलच्या गाई त्यावर चरतात. त्या गेल्या की अल्विना पहार घेऊन एकेक ठोंब मुळासकट उपटते.

भाजलेला साग्वारो उभ्याउभ्या मरतो, आणि त्याला वर्षं लागतात. कधी जगतोही. चौघे अजून उभे आहेत. परवापर्यंत मामाचा एक हात हिरवा होता.