खुन्याचं नाव पहिल्याच पानावर

मी एक जुनी चित्रकथा आहे, मित्रांनो. कोरियातल्या गुन्सान बंदराजवळच्या गल्लीत माल्सुनबाईंचं चित्रकथांचं दुकान आहे, तिथे खालच्या फळीवर पडून असते. शाळा मी पाहिली नाही. पण माझ्यासाठी पोरं शाळा बुडवायची, हे सांगितलंच पाहिजे.

माझा गुप्तहेर फुकट्या. अनोळखी मयताला जातो, फोटोपुढे वाकतो, घरच्यांपेक्षा मोठ्याने रडतो आणि तिथे आलेल्यांना वाढतात ते सूप ओरपता ओरपता खुनी हुडकतो. वरच्या फळीवरचे देखणे गुप्तहेर कधी जेवतसुद्धा नाहीत. त्यांच्या गोष्टीत हसायचं कशाला?

आमच्याकडे बसून वाचायचं, भूक लागली तर नूडल्स मागवायच्या. एकदा कुणा मेल्याने माझ्या पहिल्याच पानावर शाईने खुन्याचं नाव लिहिलं. माल्सुनबाई कडाडल्या, "आता हिला कुत्रंही विचारणार नाही. जाऊ दे रद्दीत!"

मला काही वाटलं नाही. कागदाला काय वाटायचं?

रद्दीच्या गठ्ठ्यातून मला टॅक्सीवाल्या देओकपालने उचललं. त्याची बायको नुकतीच अचानक गेली होती. रोज येऊन नूडल्स मागवायचा आणि त्या फुगेपर्यंत नुसता बघत बसायचा. तोंडात घास नाही, डोळ्यांत पाणी नाही.

"ठेव ती खाली," माल्सुनबाई म्हणाल्या. "सगळी मयतंच आहेत तिच्यात. वर खुनी कोण तेही कळतंय."

"म्हणून तर घेतली, मावशी. आता अचानक काही नको."

तो वाचत गेला. एका पानावर माझा गुप्तहेर चुकून भलत्याच मयताला जातो, पोटभर जेवतो आणि समोरच्या नवऱ्याला विचारतो, "आजोबा कशाने गेले हो?" फोटोत तर तरुण बाई!

देओकपाल फिस्सकन हसला. "मावशी, आमच्याकडेही असाच एक आला होता. तिला आजोबा म्हणाला."

"अगं बाई! मग रे?"

"मग काय? आणखी भात वाढला त्याला. ती असती तर लोळली असती हसून."

आणि माझ्यावर वाकून तो रडला. मला काही वाटलं नाही. ओलं लागलं, इतकंच.

माल्सुनबाईंनी मला पुसलं नाही. "वाळेल आपोआप," म्हणाल्या आणि परत फळीवर ठेवलं.

मित्रांनो, जुन्या चित्रकथेची पानं कुठे चिकटलेली दिसली, तर ओढू नका. फुंकर घाला, हळूच सोडवा. फाटली तर मला दुखणार नाही. पण तिथे कुणाचं काय सांडलंय, तुम्हाला काय ठाऊक?