शेळी की रेडा

सायकलची सीट वर होती. नळी जाईल तितकी ओढून वर केलेली होती, आणि बारकी हातात चहाचा कप धरून तिच्याकडे बघत उभी राहिली.

शनिवारची सकाळ, दुकान उघडायला अजून अर्धा तास. स्टँडवर टपालवाल्याच्या मुलीची सायकल टांगलेली होती, आणि तिच्या मागच्या टायरवर, हवा भरायच्या तोंडापाशी, खडूची एक तिरकी रेघ होती. ही रेघ म्हणजे दादाची सही. रेघ मारली की काम झालं, सायकल खुशाल न्या. चोवीस वर्षांत त्या रेघेनंतर कुणी पुन्हा पाना लावल्याचं बारकीला आठवत नव्हतं.

तिने कप खाली ठेवला आणि टायर अंगठ्याने दाबून पाहिला. दगड. पुढच्या फोर्कवर, ज्यात भरलेली हवाच स्प्रिंगचं काम करते, सगळा भार टाकला, आणि तिचा भार काही कमी नव्हता, तरी फोर्क जेमतेम बोटभर खचला. मग तिने खिळ्यावरचा छोटा पंप काढला, काटा बघत बघत पुढची, मागची हवा सोडली, सीट खाली घेतली आणि पंप जागेवर टांगला. रेघेला हात लावला नाही. महिन्याभरातली ही तिसरी खेप होती. चहा गार झाला होता, तो तिने तसाच पिऊन टाकला.

बारकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. वय एक्कावन्न, अंगाने भरलेली, पण घरात सगळ्यात शेवटची म्हणून पडलेलं नाव काही वजनावर ठरत नाही. गिऱ्हाइकंही तिला बारकीताई म्हणत. नवऱ्याशी पटेना म्हणून ती चार दिवस भावाकडे राहायला आली होती, त्याला आता चोवीस वर्षं झाली. परत कधी जाणार, हे दादाने एकदाही विचारलं नाही. पाचव्या दिवशी त्याने तिच्या हातात चाकाच्या तारा आवळायचा पाना दिला आणि एक वाकडं चाक पुढ्यात ठेवलं, एवढंच.

दुकानाच्या मागे डोंगर होता. त्याच्या एका अंगाने झाडीतून वळणावळणाची पायवाट वर जायची आणि पलीकडून खाली यायची. दुसऱ्या अंगाला सरळ धोंड्यांचा उतार, आणि त्याच्या कडेने तारेवरून वर जाणाऱ्या खुर्च्या. त्यामुळे दुकानात गिऱ्हाइकं दोन जातींची यायची, आणि सायकलीही दोन जातींच्या. कंपन्यांनी त्यांना बरीच इंग्रजी नावं दिली होती. दादा एकीला शेळी म्हणायचा आणि दुसरीला रेडा, आणि आता सगळा गावच तसं म्हणायचा.

पंधरा दिवसांपूर्वी बेकरीवाला रेडा घ्यायचा म्हणून आला, तेव्हा दादाने त्याला तासभर बसवून घेतलं होतं. शेळी एका हाताने उचलता येते, तो सांगत होता. तिचा पुढचा फोर्क ताठ, सीट उंच, कारण पाय पुरा लांब झाल्याशिवाय चढावर जोर लागत नाही. मागची दात्यांची चकती ताटाएवढी, म्हणजे भिंतीसारखा चढ आला तरी पाय फिरत राहतो. स्प्रिंगचं काम बेताचं आणि कडक, नाहीतर पायातली निम्मी ताकद सायकल हलवण्यातच जायची. रेड्याचं सगळं उलटं. वजन दीडपट. फोर्क पुढे पाय पसरून बसल्यासारखा, वर दोन जबड्यांत धरलेला. पुढे-मागे वीत वीत खचणारी स्प्रिंग, हातभर रुंद हँडल, पळता बैल थांबवतील असे ब्रेक. गिअर मोजके, कारण पळवायचं काम उतारच करतो. आणि सीट अगदी खाली.

"शेळीवर बसायचं असतं," दादा म्हणाला. "रेड्यावर उभं राहायचं असतं. सीट वर राहिली तर ती बुडाखाली आडवी येते, माणूस मागे सरकू शकत नाही, आणि पहिल्याच धोंड्यावर डोक्यावरून पुढे जातो."

बेकरीवाल्याला एका गोष्टीचं मात्र वाईट वाटलं. एवढं दांडगं जनावर, आणि चढ चढता येत नाही? पाहुण्यासारखं खुर्चीत बसवून वर न्यायचं?

"ज्याचं काम उतरायचं, त्याला वर पोचवायचं काम दुसऱ्याचं. त्यात कमीपणा कसला?"

हे सगळं त्याने न अडखळता सांगितलं. बारकी पलीकडे साखळी धूत ऐकत होती. असं बोलणारा माणूस पाना हातात घेतला की रेड्याला शेळी कसा समजतो, हे तिला कळत नव्हतं. डॉक्टरांकडे जाऊन येऊ, असं तिने एकदा आडून सुचवलं होतं. त्यावर तो म्हणाला, विसरणं हा आजार असेल तर आधी माझ्या गिऱ्हाइकांना न्यावं लागेल, सहा-सहा महिने सायकली न्यायला येत नाहीत. ती हसली, आणि विषय तिथेच राहिला. त्यानंतर ती रोज अर्धा तास आधी उठू लागली.

रविवारी नेमकी तिला उशिरा जाग आली. खाली आली तर दुकान उघडं, स्टँड रिकामा, आणि दादा हात पुसत उभा.

"टपालवाल्याची पोर घेऊन गेली," तो म्हणाला. "बरं झालं मी परत बघितली. कुणीतरी हवा सोडून ठेवली होती, सीटही खाली केलेली. सगळं नीट करून दिलं."

आपणच झाकलेलं आपल्याच अंगावर आलं होतं. जरा जाऊन येते, एवढं बोलून तिने पंप खिळ्यावरून काढला, पदराआड धरला आणि खुर्च्यांकडे जवळजवळ धावतच सुटली.

चोवीस वर्षं डोंगराच्या पायथ्याशी काढून ती त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. खुर्चीवाल्याने आधी तिच्याकडे आणि मग मागे बघितलं. सायकल कुठंय, त्याने विचारलं. नाहीये, ती म्हणाली, मलाच न्या. पाय अधांतरी, मांडीवर पंप. खाली पायवाटेवर गणिताच्या बाई त्यांच्या शेळीवरून चढत होत्या, मान खाली, श्वासागणिक एक पायडल. उताराकडे बघायचा बारकीला धीर होईना. मुलगी निघाली असेल तर आत्ता कुठे असेल, याचा हिशोब मन आपोआप करत होतं.

मुलगी निघाली नव्हती. वरच्या सपाटीवर ती सायकलीपाशी उकिडवी बसली होती, हेल्मेट बाजूला, आणि टायरमधून फुस्स असा आवाज येत होता. सीट खाली केलेली होती.

बारकीच्या हातातला पंप बघून तिने ओठ चावला. "म्हणजे तुम्हाला माहितीये?"

"तुला कधीपासून माहितीये?"

चार महिने, मुलगी म्हणाली. तिलाच नाही, रेडेवाल्या सगळ्यांना. वर आलं की आधी हवा सोडायची, सीट खाली घ्यायची, मग हेल्मेट घालायचं, आता सवयच झाली होती. कुणी कुणाला सांगितलं असं नव्हतं. पहिल्या वेळी एकमेकांकडे बघून काय ते कळलं होतं. बाकी दादांच्या हातासारखं काम कुणाचं नाही, बेअरिंग काय, ब्रेक काय, असंही तिने घाईने जोडलं.

"त्यांना सांगू नका हं, बारकीताई. वाईट वाटेल त्यांना."

बारकी दगडावर टेकली. एवढी माणसं इथवर येऊन रोज गुपचूप आपल्या भावाची चूक पुसत होती. आणि मग तिला बेकरीवाला आठवला. दहा वाजता त्याची सायकल न्यायची वेळ होती. तो नवा होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तो रेघेवर विश्वास ठेवणार होता.

परत खाली खुर्चीतून आलेली त्या दिवशी ती एकटीच.

बेकरीवाला दुकानात हजर होता, बाह्यांवर अजून पीठ. सायकल स्टँडवरून उतरलेली, पुसून लखलखीत, सीट वर, टायरवर रेघ. दादा त्याला ब्रेक कसे दोन बोटांनी दाबायचे ते दाखवत होता. बारकी दारात उभी राहिली. परक्या माणसासमोर भावाला काय म्हणायचं? आणि नाही म्हटलं, तर?

"न्यायच्या आधी एकदा बसा त्यावर," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "किती खचते बघू."

यात नवल काही नव्हतं. नव्या गिऱ्हाइकाला असं बसवायची दुकानाची रीतच होती. फोर्कच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. माणूस बसला की स्प्रिंग खचते आणि कडी सरकून तिथेच थांबते. शेळीची कडी बोटभर सरकते, रेड्याची चांगली तीन बोटं. दादाने कडी खाली सारली, बेकरीवाला बसला, उतरला. दादा वाकला. दांड्याला त्याने बोट लावलं. दुसरं बोट लावायला जागाच नव्हती.

मग त्याने सीटकडे बघितलं, आणि मग दाराकडे. बारकीच्या हातात पंप होता.

"थांबा," तो सरळ होत बेकरीवाल्याला म्हणाला. "हा रेडा आहे. मी शेळी समजून हवा भरली. चूक माझी."

बेकरीवाला म्हणाला, काही घाई नाही, आणि बाहेर जाऊन डोंगर बघत उभा राहिला. त्याला तेवढी समज होती.

दादाने टायरवरची रेघ अंगठ्याने पुसली. पंप घेतला, फोर्कला लावला, आणि काट्याकडे न बघता बारकीला म्हणाला, "तू सांग." ती काटा वाचत गेली, तो हवा सोडत गेला. सीट त्याने स्वतः खाली घेतली आणि बोल्ट नेहमीसारखा आधी पाव फेरा कमी आवळला, मग तेवढाच आणखी आवळून पुरा केला. बेकरीवाल्याला आत बोलावून परत बसवलं. तीन बोटं.

मग दादाने खिशातून खडू काढला, दोन बोटांत फिरवला आणि तिच्यापुढे धरला.

बारकी डावरी. तिची रेघ दुसऱ्या बाजूला तिरकी झाली. बेकरीवाला सायकल हातात धरून खुर्च्यांच्या दिशेने निघाला. चाकाच्या फेऱ्यागणिक रेघ वर येत होती, खाली जात होती, आणि कोपऱ्यापर्यंत ती धुळीत दिसेनाशी झाली.

"टपालवाल्याच्या पोरीची हवा किती सोडलीस?" दादाने विचारलं.

"मी नाही. पोचले तेव्हा तिनेच सोडली होती."

"हं." त्याने पाने पुसायच्या फडक्याची घडी केली. "मीच शिकवलंय तिला."

कोपऱ्यातली पुढची सायकल त्याने उचलली, स्टँडवर टांगली, आणि तिच्यापासून दोन पावलं मागे येऊन उभा राहिला.

"बारके, ही काय आहे?"

"शेळी, दादा."

त्याने पाना घेतला आणि सीट वर करायला लागला.