कोरा पुठ्ठा

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. बाळकुमच्या एका गाळ्यातल्या जुन्या मशीनची आहे, पण निघाली ती एका माणसाची. शेवटपर्यंत बसाल तर कळेल.

गाळ्याचा मालक, मेकॅनिक विश्रामने सायलेन्सरचे दोन्ही स्क्रू सैल केले, तो थोडा बाजूला सरकवला आणि भोकातून आत बॅटरी मारली. झाडं कापायचं मशीन होतं, चेनसॉ. सहा वर्षं पडून. दोरी ओढली की अर्ध्यात अडकायची. आत पिस्टन दिसला, आणि त्याच्या अंगावर उभे ओरखडे, नख अडकेल एवढे खोल. आणखी काही बघायची गरज नव्हती. असल्या मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच पाजावं लागतं. नुसतं पेट्रोल गेलं की आतले भाग कोरडे घासतात आणि पाच-दहा मिनिटांत सगळं आवळून जाम होतं.

त्याने बॅटरी खाली ठेवली. मशीन घेऊन आलेल्या भीमाबाईंना आता काय सांगायचं, हा प्रश्न होता.

त्यांचे यजमान धोंडिबा तीस वर्षं सोसायट्यांची झाडं उतरवायचे. टेंभी नाक्यामागे एक कललेला गुलमोहर होता. त्या दिवशी मदतनीस आला नव्हता, म्हणून भीमाबाई सोबत गेल्या. धोंडिबा वर दोर बांधत होते, तेव्हा खाली मशीनमध्ये पेट्रोल भीमाबाईंनी भरलं, स्कूटरच्या कॅनमधलं, नुसतं. दहा मिनिटांत मशीन बंद. धोंडिबांनी ते घरी आणलं आणि जुनं झालंय म्हणून माळ्यावर टाकलं. पुढची दोन वर्षं ते हातकरवत घेऊन झाडावर चढले, खांदा गेला तेव्हाच थांबले. मागच्या वर्षी गेले. आता पुतण्या सम्यकला हेच काम करायचं होतं, म्हणून मशीन खाली उतरलं.

हे सगळं सांगून निघताना भीमाबाई दारात थांबल्या होत्या.

"दुरुस्त नाही झालं तरी चालेल, भाऊ. पण कशानं गेलं ते खरं सांगा. पेट्रोल मी भरलेलं."

विश्रामने सायलेन्सर पुरता काढला, तशी तो आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारी पट्टी टेबलावर पडली. कारखान्यातली नव्हती. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा ब्लेडने कापलेला, भोकं मात्र मापात. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. छापील अक्षरं सोडली तर स्वच्छ, कोरी, धुराचा डाग नाही. तो बराच वेळ ती हातात धरून बसला.

त्याच मापाचा पिस्टन कल्याणच्या भंगारात मिळाला. चार दिवसांनी मशीन तयार झालं. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा गाळ्याचा वडिलांपासूनचा शिरस्ता. अगदी जळका प्लगसुद्धा. जुना पिस्टन मात्र विश्रामने खणात टाकला.

भीमाबाई आल्या. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं. त्यांनी मान डोलावली, ते बंद होईपर्यंत थांबल्या.

"काय झालेलं?"

विश्रामने पुसलेले हात पुन्हा फडक्याला पुसले.

"मावशी, तीस वर्षांचं मशीन. वय झालेलं त्याचं."

"आमचे हेसुद्धा असंच म्हणालेले." त्यांनी हात पुढे केला. "काढलेला भाग द्या. सगळ्यांना देता ना?"

त्याने खण उघडला. भीमाबाईंनी पिस्टनच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला, वरून खाली, एकदाच.

"ऑइल नव्हतं."

"हो, मावशी. नव्हतं."

विश्रामने खणातून ती पट्टीही काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"ही पण आत होती, सायलेन्सरखाली. ही लावल्यावर मशीन मिनिटभर जरी चाललं असतं ना, तरी काळी पडली असती. म्हणजे बंद पडल्यावर कुणीतरी उघडलंय, पिस्टन बघितलाय आणि ही लावून परत मिटवलंय."

भीमाबाईंनी पट्टी उलटी केली. मागे गोळ्यांचं अर्धं नाव होतं.

"माझ्या बीपीच्या गोळ्या," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यांना माहीत होतं."

विश्राम टाकीचं झाकण घट्ट करत राहिला. ते आधीच घट्ट होतं.

"रोज चहाला बसले की मशीनला शिव्या द्यायचे. म्हातारं झालं, दगा दिला मेल्यानं. मी पण हो ला हो करायची." त्यांनी पदराने पट्टी पुसली. "लबाड माणूस."

पिस्टन त्यांनी टेबलावरच राहू दिला. पट्टी चष्म्याच्या डबीत ठेवली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ऑइलचं माप विचारलं. मग मापाची बाटली डोळ्यांसमोर धरून ऑइल स्वतः ओतलं, रेघेला बरोबर टेकेपर्यंत.

तर मंडळी, मागणं एवढंच. बाळकुमच्या बाजूला कधी गेलात आणि सोसायटीच्या कुंपणाआड फांद्या उतरवायच्या मशीनचा आवाज आला, तर दोन पावलं थांबा. धोंडिबांची आठवण काढा. मनातल्या मनात काढली तरी चालेल. त्यांनीही काही मोठ्यानं सांगितलं नव्हतं.