तिसरा डाव

माझी धाकटी बहीण जयमाला हिच्या दोन्ही किडन्या एकोणिसाव्या वर्षी निकामी झाल्या. आईची आणि माझी तपासणी झाली. दोघींचीही किडनी जुळली नाही. १९९९च्या जूनपासून दर सोमवारी आणि गुरुवारी मी तिला पहाटेच्या एसटीने जामखेडहून नगरला डायलिसिसला न्यायचे. चार तास मशीन, मग परत. माझा फिजिक्समधल्या बीएस्सीचा निकाल नुकताच लागला होता.

जुलैत बोटीवर नोकरी करणाऱ्या महेंद्रमामाने तिच्यासाठी सिंगापूरहून हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला. त्यात सुरुवातीला तीन प्राण्यांतला एक निवडायचा: आगीचा, पाण्याचा किंवा झाडाचा. मग गावोगाव हिंडून रानातले प्राणी पकडायचे, त्यांना नावं द्यायची, झुंजी जिंकायच्या. घाईचं काही नव्हतं. डाव्या हातात सुया असल्या तरी गेम पोटावर ठेवून तिला उजव्या हाताने खेळता यायचं. फक्त मशीनवर असतानाच खेळायचं, हा तिचा नियम.

शेजारच्या खाटेवर तिसगावचे कानिफनाथ असायचे. आजारापूर्वी टेम्पो चालवायचे.

"काय गं पोरी, आज काय घावलं?"

"वटवाघूळ. तुमचं नाव दिलंय त्याला."

"वटवाघूळ? वाघ न्हाई व्हय त्यात?"

"वाघ आईला दिला."

"मंग बरूबर हाय," ते म्हणाले. "आन् ह्या फिजिकवालीला?"

"ताईला कासव. विचार करून करून चालतं."

सगळे हसले, सिस्टरसुद्धा.

पहिला डाव आगीच्या प्राण्याने अठ्ठावन्न तासांत संपला. तास पडद्यावर दिसायचे, मी ते वहीत लिहायचे. गेममध्ये एकच डाव साठवता येतो. नवा साठवला की जुना पुसला जातो. तिने तो बिनदिक्कत पुसला आणि पाण्याचा प्राणी घेऊन तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. रस्ते पाठ झाल्यामुळे दुसरा डाव एक्केचाळीस तासांत झाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, कानिफनाथांच्या खाटेवर दुसराच माणूस होता. जयमालाने सिस्टरला काही विचारलं नाही. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "ताई, झाडाचा राहिलाय. तो डाव संपला की मी नगरला येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. कंटाळले मी. आईला सांगू नकोस."

मी विचारलं, "किती तास लागतील?"

"पस्तीस," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आठवड्याला आठ तास. पस्तीस भागिले आठ. मी तो भागाकार एसटीतच केला.

आमच्याकडे रेडिओचे उतरलेले सेल पत्र्यावर उन्हात ठेवतात. ऊन लागलं की ते थोडा वेळ पुन्हा चालतात. कोणता सेल किती वेळा वाळवला हे कळावं म्हणून मी प्रत्येकाच्या बुडावर टाचणीने रेघ मारायचे. असा सेल मीटरने मोजला तर विजेचा दाब ठीक दिसतो, पण काम पडलं की एकदम कोसळतो. गेमलाही तेच सेल लागायचे; त्यावरचा लाल दिवा मंद झाला की जयमाला लगेच डाव साठवायची. साठवता साठवता वीज गेली तर साठवलेलं सगळं बिघडतं, हे मामाने आणलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं.

डाव गेला तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. पुन्हा पस्तीस तास. हे कितीही वेळा करता येईल, असं मला वाटलं.

नोव्हेंबरमध्ये मी तिला नव्या सेलऐवजी वाळवलेले सेल देऊ लागले. दोनदा काहीच झालं नाही. तिसऱ्या वेळी, गुरुवारी, बत्तीस तासांवर पडदा विझला. तिने नवे सेल घालून चालू केलं. साठवलेला डाव खराब झाल्याचं इंग्रजीत आलं आणि खाली फक्त 'नवा डाव' उरला.

ती रडली नाही. काढलेले सेल तिने उलटे करून पाहिले.

"तीन रेघा," ती म्हणाली. "आणि हा चार रेघांचा."

"चुकून आले असतील."

"तुझ्याकडून? चुकून?"

मी ते सेल तिच्या हातातून घेतले.

"मी जगावं असं तुला वाटत होतं, तर तसं म्हणायचं ना, ताई. एकदा तरी."

"म्हणते ना. जय, थांबू नकोस. खरंच."

"आता काय," ती म्हणाली. "आता पुढचे तास मोजशील." तिने गेम बंद करून माझ्या मांडीवर ठेवला. उरलेला दीड तास ती छताकडे बघत होती.

सोमवारी पहाटे मी पिशवी भरून तिच्या खाटेपाशी उभी राहिले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू जा. मी नाही."

आई पदराला हात पुशीत आली. "जयमाला, ऊठ, गाडी जाईल. काय झालं गं तुमच्यात?"

मी आईला सेलचं सांगायला लागले. जयमालाला हात जोडले, तिच्या पाया पडले. आईने तिला उचलून बसवलं. ती पुन्हा आडवी झाली. गुरुवारीही तेच. शनिवारी चेहरा सुजला. सोमवारी तिला धाप लागली, तेव्हा आम्ही जीप करून निघालो. वाटेतच ती गेली. तिचं डोकं आईच्या मांडीवर होतं.

जीप परत फिरवली. बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "येनार न्हाई असं तिनं तुला आधी सांगितलं हुतं?"

"हो."

"कधी?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी."



"मला का न्हाई सांगितलंस?"

"मला वाटलं, मी जमवीन," मी म्हणाले.